काडतुसाचे वजन

७.६२ मिलिमीटर मापाचे एक लष्करी काडतूस तराजूत घातले, तर ते सुमारे २४ ग्रॅम भरते. त्यांपैकी गोळी साडेनऊ ग्रॅमची, दारू तीन ग्रॅमांच्या आसपास, आणि बाकीचे सारे वजन पितळेच्या पुंगळीचे व तिच्या बुडाशी बसविलेल्या टोपीचे. शत्रूच्या दिशेने जाते ते एकूण वजनाच्या निम्म्याहून कमी. उरलेली पुंगळी चाप ओढताच बाहेर फेकली जाऊन शिपायाच्या पायाशी पडते. जे ओझे त्याने कमरेला बांधून मैलोगणती वाहून आणलेले असते, त्याचा जवळजवळ अर्धा भाग दारूचे पावसापाण्यापासून रक्षण करण्यापुरता आणि स्फोटाच्या क्षणी नळीचे मागील तोंड बंद करण्यापुरता उपयोगी पडतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पायदळाच्या बंदुकीसंबंधी जे वाद झाले, ज्या समित्या बसल्या, जे अहवाल दफ्तरी दाखल झाले आणि जे हुकूम सुटून पुन्हा मागे घेण्यात आले, त्या सर्वांच्या तळाशी या चोवीस ग्रॅमांचा हिशेब आहे; आणि हा हिशेब बहुतेक वेळा कोठाराच्या बाजूने मांडला गेला, शिपायाच्या खांद्याच्या बाजूने फार क्वचित, असे मला वाटते.

पितळेला इतका मान का मिळाला, हे आधी समजून घेतले पाहिजे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या या मिश्रधातूत एक दुर्मीळ गुण आहे. दारू पेटल्यावर पुंगळीच्या आत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट दाब उत्पन्न होतो. त्या दाबाने पुंगळीची भिंत फुगून नळीच्या घरास चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकुंचन पावून सैल होते, म्हणून ती सहज ओढून काढता येते. शिवाय स्फोटाच्या उष्णतेचा काही अंश ती आपल्याबरोबर बाहेर घेऊन जाते, आणि त्यामुळे नळीचे घर तेवढे कमी तापते. हलकी, स्वस्त आणि ही तिन्ही कामे निर्वेध करणारी दुसरी वस्तू शोधण्यात अनेक देशांनी पुष्कळ द्रव्य खर्चिले. पण प्रत्येक वेळी पितळेचा दर्जा नव्याने ध्यानात आला.

काडतूस लहान होत जाण्याचा इतिहास १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूररहित दारू सिद्ध केली तेथून सुरू होतो. जुन्या काळ्या दारूची शक्ती बेताची असल्यामुळे गोळी जड आणि जाड ठेवावी लागे. अकरा मिलिमीटरच्या आसपासची नळी ही तेव्हाची सर्वसाधारण रीत होती. नव्या दारूने गोळीला इतका वेग दिला की, १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलीत नळी एकदम आठ मिलिमीटरांवर आली आणि पुढील काही वर्षांत युरोपातील प्रत्येक मोठ्या राष्ट्राने आपली जुनी कोठारे मोडीत काढली. इंग्रजांनी .३०३ इंचाचे माप पत्करले, जे हिंदुस्थानात पुढे तीन पिढ्या ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने फौजेपासून पोलीस चौकीपर्यंत सर्वांच्या तोंडी राहिले. हे काडतूस सुमारे २५ ग्रॅमांचे होते, आणि १९०८ साली ठरविलेल्या पट्ट्यांच्या सरंजामात इंग्रज शिपाई अशी १५० काडतुसे बाळगी; म्हणजे केवळ दारूगोळ्याचे वजन पावणेचार किलो.

लहान गोळीविषयीची पहिली तक्रारही याच काळातली आहे. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर सरहद्दीवरील सैनिक म्हणू लागले की, नवी गोळी आरपार जाते पण धावून येणारा माणूस थांबत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या डमडम येथील सरकारी कारखान्यात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार करण्यात आली, आणि तिने होणाऱ्या भयंकर जखमांमुळे १८९९ साली हेग येथील परिषदेत अशा गोळ्यांच्या वापरावर बंदी घातली गेली. आपल्या देशातील एका गावाचे नाव जगाच्या स्मृतीत अशा रीतीने राहावे, ही खेदाची गोष्ट आहे. परंतु येथे लक्षात ठेवावयाचा मुद्दा निराळा: नळीचे माप जेव्हा जेव्हा उतरले, तेव्हा तेव्हा हीच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा उभी राहिली, आणि तिच्यात तथ्य किती व प्रत्यक्ष लढाईत नेम चुकल्याचे दुःख किती, हे नीट निवडून काढण्याचे काम फारच थोड्यांनी केले.

ज्यांनी ते केले, त्यांत पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन सैन्याचा उल्लेख अग्रक्रमाने करावा लागेल. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात जॉन पेडरसन आणि जॉन गॅरंड हे दोन असामान्य कारागीर स्वयंचलित भरणीच्या रायफलीवर स्वतंत्रपणे काम करीत होते, आणि पेडरसनने तिच्यासाठी .२७६ इंचाचे, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरचे हलके काडतूस योजिले होते. १९२८ साली सैन्याने एक मंडळ नेमून भूल दिलेल्या डुकरांवर निरनिराळ्या मापांच्या गोळ्यांची परीक्षा केली. परीक्षा क्रूर होती, पण निष्कर्ष स्पष्ट होता: पायदळ ज्या अंतरावर वस्तुतः लढते त्या अंतरावर लहान गोळ्या मोठ्या गोळीहून उण्या ठरल्या नाहीत, किंबहुना परीक्षेतील सर्वांत लहान गोळीने जवळच्या अंतरावर सर्वांत गंभीर जखमा केल्या. गॅरंडची रायफल .२७६ च्या मापात दहा काडतुसे घेई, ती वजनाने हलकी आणि धक्क्याला सौम्य होती. सर्व काही अनुकूल असता १९३२ साली सैन्यप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी हे माप नामंजूर केले. महायुद्धातून उरलेल्या .३० इंची काडतुसांचे साठे कोठारांत पडून होते, मशीनगनींचे मापही तेच होते, मंदीमुळे खजिना रिता होता, आणि दोन मापांची रसद सांभाळण्यास सैन्य नाखूश होते. या कारणांपैकी एकही खोटे नव्हते, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला निर्णय सोपा गेला असेल असे मी म्हणणार नाही. तथापि त्याचा परिणाम असा झाला की, गॅरंडला आपली रायफल जुन्या मापासाठी पुन्हा बेतावी लागली, दहाच्या जागी आठ काडतुसे आली, आणि १९३६ साली मंजूर झालेली ती रायफल घेऊन दुसऱ्या महायुद्धात उतरलेल्या लक्षावधी तरुणांनी प्रत्येकी २७ ग्रॅमांचे काडतूस वाहिले. साठा काही वर्षांत संपला. त्याच्यासाठी ठरलेले माप मात्र पंचवीस वर्षे टिकले.

दरम्यान जर्मनांनी आपल्याच ७.९२ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी ५७ मिलिमीटरांवरून ३३ वर आणून मध्यम शक्तीचे काडतूस सिद्ध केले, आणि रशियनांनी ७.६२ × ३९ या मापाने त्याच मार्गावर पाऊल टाकून पुढे त्यावर कलाश्निकोव्हची रायफल उभारली. इंग्रजांचा प्रयत्न याहून सरस होता असे अनेक जाणकार मानतात. महायुद्धानंतर त्यांनी .२८० इंचाचे काडतूस आणि ईएम-२ ही आखूड, सुबक रायफल तयार केली. १९५१ साली मजूर सरकारचे संरक्षणमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी ती स्वीकारल्याची घोषणाही केली. परंतु अमेरिकन शस्त्रखात्याचे कर्नल रेने स्टडलर यांचा पूर्ण शक्तीच्या काडतुसाविषयीचा आग्रह तसूभरही ढळेना. नाटो राष्ट्रांत एकच माप असावे हे तत्त्व सर्वांना मान्य होते, आणि ते माप कोणाचे असावे याचा निकाल ज्याचा खजिना मोठा त्याच्या बाजूने लागला. त्याच वर्षी चर्चिल पुन्हा सत्तेवर आले आणि ईएम-२ बाजूला ठेवण्यात आली. १९५४ मध्ये ७.६२ × ५१ हे माप नाटोने प्रमाण मानले. ते जुन्या अमेरिकन काडतुसाहून आखूड होते, पण शक्ती जवळजवळ तीच.

विशेष असे की, अमेरिकेच्याच दफ्तरात त्या वेळी याच्या विरुद्ध पुरावा तयार होत होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या व्यवस्थेखाली सैन्यासाठी काम करणाऱ्या संशोधन कार्यालयात नॉर्मन हिचमन यांनी १९५२ साली सादर केलेल्या अहवालात असे दाखविले की, रायफलीचे परिणामकारक वार तीनशे यार्डांच्या पलीकडे क्वचितच होतात. भूप्रदेश त्याहून लांबचे दिसू देत नाही, आणि दिसले तरी लढाईच्या भयाने व श्रमाने थरथरणाऱ्या हातांना नेम साधत नाही. हजार यार्डांवर मारा करणारी शक्ती शिपायाने वाहावयाची आणि वापर तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतक्याच अंतरावर व्हावयाचा, हा या व्यवस्थेतील मूळ दोष होता. येथूनच ५.५६ मिलिमीटरचा जन्म झाला. यूजीन स्टोनर यांच्या रायफलीसाठी बनविलेले हे काडतूस सुमारे १२ ग्रॅमांचे. गोळी चार ग्रॅमांहून कमी, पण वेग सेकंदाला नऊशे मीटरांहून अधिक. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या पटीत वाढते, परंतु वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. धक्का मात्र वस्तुमान आणि वेग यांच्या साध्या गुणाकारावर अवलंबून असतो. म्हणून हलकी व वेगवान गोळी खांद्याला कमी दुखवून पुरेसे काम करू शकते. लहान माप शत्रूला ठार न करता जायबंदी करण्यासाठी निवडले, म्हणजे एका जखमीला उचलण्यास दोघे गुंततात, अशी एक समजूत आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते. मापाच्या या इतिहासात तिला आधार सापडत नाही. माप उतरले ते वजनासाठी आणि नेम लागण्याची शक्यता वाढावी म्हणून.

हे नवे काडतूस सैन्यात आले ते मात्र लज्जास्पद रीतीने. रायफल ज्या दारूवर पारखली गेली होती ती १९६४ साली बदलून दुसऱ्या जातीची, गोलाकार कणांची दारू काडतुसांत भरण्यास मंजुरी मिळाली. तिने रायफलीची गती वाढली आणि आत काजळीही अधिक साचू लागली. नळीच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचे साहित्य पुरेसे पाठविले गेले नव्हते, आणि या रायफलीला साफसफाई फारशी लागत नाही असा समज पसरला होता. व्हिएतनामच्या दमट जंगलात पुंगळ्या घरात अडकू लागल्या, आणि बंद पडलेल्या रायफली हातात असतानाच तरुण मारले गेले. १९६७ साली रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन संसदेच्या उपसमितीने चौकशी करून या कारभारावर कठोर ठपका ठेवला. काडतूस बदलणे म्हणजे दारू, पुंगळी, नळी, झरोके आणि शिपायाच्या सवयी हे सर्व एकदम बदलणे. त्यांतील एक कडी कागदावर सोयीची दिसली म्हणून परस्पर बदलली की किंमत कोण देतो, हे त्या अहवालाच्या प्रत्येक पानावर आहे. दोष पुढे दूर झाले, आणि १९८० साली ५.५६ चे सुधारलेले बेल्जियन काडतूस नाटोचे दुसरे प्रमाण माप ठरले.

आता अर्ध्या वजनाचे काडतूस आले, तर शिपायाचे ओझे हलके झाले काय? एकोणिसाव्या शतकापासून निरनिराळ्या सैन्यांतील वैद्यांनी पाहण्या करून असे सांगितले आहे की, शरीराच्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यापलीकडे ओझे गेले की माणूस लढण्याच्या लायकीचा राहत नाही. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी इतिहासकाराने १९५० साली याच विषयावर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यांच्या इतर काही आकड्यांवर पुढे गंभीर आक्षेप आले, पण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक ओझ्यामुळे कसे थकले व बुडाले याविषयीचे त्यांचे विवेचन अजून वाचण्यासारखे आहे. त्यानंतर अर्ध्या शतकाने, २००३ साली, अफगाणिस्तानातील अमेरिकन हवाई छत्रीधारी पायदळाची वजने प्रत्यक्ष मोजण्यात आली. लढतेवेळचे ओझे सरासरी २९ किलोंच्या आसपास, कूच करताना ४६, आणि निकडीच्या प्रसंगी ६० किलोंच्या घरात. काडतूस निम्म्यावर आले होते आणि ओझे वाढले होते. वाचलेल्या वजनातून प्रथम अधिक काडतुसे भरली गेली, कारण ७.६२ च्या शंभर-सव्वाशेंच्या जागी आता दोनशे दहा देता येत होती. मग बिनतारी यंत्रांच्या विद्युतघटांनी, रात्री पाहण्याच्या दुर्बिणींनी, पाण्याने आणि छातीपाठीवरच्या कठीण कवचांनी आपापला वाटा घेतला. यांपैकी प्रत्येक वस्तूची गरज खरी आहे, कवचाने तर असंख्य जीव वाचविले आहेत. माझा आक्षेप एवढाच की, या वस्तू मंजूर करणाऱ्या खात्यांपैकी कोणालाही एकूण बेरजेसाठी उत्तरदायी धरले गेले नाही.

आणि याच कवचाने ५.५६ च्या पायाखालची वाळू सरकविली. प्रतिस्पर्ध्यांनीही चिनी मातीसारख्या कठीण पदार्थांची कवचे तयार केल्यावर, २०१७ च्या मे महिन्यात अमेरिकन सैन्यप्रमुख जनरल मार्क मिली यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की, सध्याचे काडतूस या नव्या कवचांना भेदू शकत नाही. अफगाणिस्तानच्या उघड्या डोंगरांत शत्रूच्या जुन्या रशियन मशीनगनी लांबून मारा करीत आणि ५.५६ तेथवर पोहोचत नसे, हा अनुभवही ताजा होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये ६.८ × ५१ मिलिमीटर या मापाची रायफल आणि मशीनगन पुरविण्याचा ठेका सिग सॉअर या कंपनीस देण्यात आला, आणि २०२४ च्या वसंतात १०१व्या हवाई डिव्हिजनच्या तुकड्यांना पहिली शस्त्रे मिळाली. या काडतुसाची पुंगळी दोन धातूंची आहे: अंग पितळेचे आणि बूड पोलादाचे, कारण आतला दाब हवेच्या दाबाच्या जवळजवळ साडेपाच हजार पट जातो आणि तो केवळ पितळेच्या बुडाला सोसणारा नाही.

हिशेब मात्र पुन्हा खांद्यावर येतो. जुनी एम-४ रायफल सुमारे तीन किलोंची. नवी, आवाज दाबणारी नळी लावल्यावर, जवळजवळ साडेचार किलोंची. जुन्या मापाची २१० काडतुसे सात मॅगझिनांसह सुमारे ३.४ किलो भरत. नव्या मापाची १४० काडतुसे सातच मॅगझिनांत सुमारे ४.४ किलो भरतात. म्हणजे सत्तर काडतुसे कमी आणि ओझे एका किलोने अधिक, शिवाय रायफलीचे वाढलेले वजन वेगळे. नवी मशीनगन जुनीपेक्षा हलकी आहे, आणि रायफलीवरील दुर्बीण अंतर मोजून नेम सुचविते, त्यामुळे कमी काडतुसांत काम भागेल असे समर्थन केले जाते. ते निराधार नाही. परंतु जवळच्या लढाईत, जेथे शत्रू दिसत नाही आणि त्याचे डोके खाली ठेवण्यासाठी झाडीवर मारा करीत राहावे लागते, तेथे १४० हा आकडा किती मिनिटे पुरेल हा प्रश्न दुर्बिणीने सुटणारा नाही. हिचमनच्या अहवालातील तीनशे यार्ड आजच्या युद्धात बदलले असतील, तर तसे सिद्ध करण्याची जबाबदारी नव्या मापाच्या पुरस्कर्त्यांवर आहे.

पुंगळीच नाहीशी करावी, हा मार्गही चोखाळून झाला आहे. जर्मनीच्या हेक्लर उंड कोख कंपनीने जी-११ ही रायफल बिनपुंगळीच्या ४.७३ मिलिमीटर काडतुसासाठी बनविली. दारूचाच घट्ट ठोकळा आणि त्यात बसविलेली गोळी, वजन ५.५६ च्या निम्म्याहूनही कमी. पण उष्णता बाहेर नेणारे पितळ नसल्यामुळे तापलेल्या घरात ठोकळा आपोआप पेटण्याचा धोका उत्पन्न झाला. तो आटोक्यात आणण्यास अनेक वर्षे लागली. आणि रायफल तयार झाली त्याच सुमारास दोन्ही जर्मनी एक होऊन तिच्यासाठी पैसा उरला नाही. ६.८ च्या स्पर्धेत प्लास्टिकच्या पुंगळीची काडतुसेही उतरली होती आणि त्यांनी वजनात मोठी बचत दाखविली. निवड मात्र धातूच्याच पुंगळीची झाली. माझ्या मते भविष्यातील खरे संशोधन याच दिशेने व्हावयास हवे, कारण गोळी आणि दारू यांच्या वजनाला निसर्गनियमांनी मर्यादा घातल्या आहेत. टाकून द्यावयाच्या वस्तूच्या वजनाला तशी मर्यादा नाही.

आपल्या देशाने हाच रस्ता आपल्या क्रमाने चालून पाहिला आहे. १९६२ साली आपले जवान हिमालयात चिन्यांपुढे उभे राहिले ते प्रत्येक गोळीसाठी हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या ‘थ्री नॉट थ्री’ घेऊन. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून ७.६२ × ५१ ची ‘एसएलआर’ आली, १९९० नंतर ५.५६ ची ‘इन्सास’ आली. या काडतुसांशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे: खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ चा, आणि रायफलीच्या काडतुसांची मोठी निर्मिती या दोन ठिकाणी होत आली. आता आपले पायदळ पुन्हा वरच्या मापाकडे वळले आहे. २०१९ साली ७.६२ × ५१ च्या ७२,४०० सिग रायफलींची मागणी नोंदविली गेली, आणि २०२१ अखेर उत्तर प्रदेशातील कोरवा येथे ७.६२ × ३९ मापाच्या सहा लाखांवर एके-२०३ रायफली बनविण्याचा करार झाला. दोनशे दहा काडतुसांचे नुसते वजन, मॅगझिन वगळून, ५.५६ मध्ये अडीच किलो, ७.६२ × ३९ मध्ये साडेतीन किलोंच्या आत आणि ७.६२ × ५१ मध्ये पाच किलो होते. उघड्या, उंच सरहद्दीवर लांबचा पल्ला लागतो, आणि २०२० मध्ये मागविलेल्या नेगेव्ह मशीनगनींचे व जुन्या मॅग मशीनगनींचे मापही ७.६२ × ५१ असल्याने तुकडीत काडतुसांची देवघेव करता येते, म्हणून सीमेवरील पायदळाला मोठे माप देणे मला समर्थनीय वाटते. पण ज्या उंचीवर हवेत प्राणवायू कमी आहे, थंडीसाठी जाड कपडे, दोर, इंधन आणि अन्न पाठीवरच न्यावे लागते, तेथे या अधिक अडीच किलोंची जागा कोणत्या वस्तूने सोडावयाची, हे रायफल मंजूर करणाऱ्या कागदावरच लिहिलेले असले पाहिजे. वीस काडतुसांची मॅगझिने सातऐवजी पाच द्यावयाची असतील, तर उरलेला दारूगोळा खेचराच्या पाठीवरून वा हेलिकॉप्टरने पुढच्या ठाण्यापर्यंत किती तासांत पोहोचेल याची तरतूद आधी व्हावी, आणि रायफलीची पसंती त्यानंतर.